पोस्टमनची उचकी

उडीमास्तर सहसा खोटं बोलत नसत. यात सचोटीचा भाग कमी आणि कानांचा जास्त होता. खोटं बोलताना त्यांचे कान लाल होत, आणि कान मुळातच ऐसपैस असल्यामुळे ते लांबूनही दिसे. तरीही त्या दिवशी कंपनीच्या बैठकीच्या खोलीत, साक्षात मालकांसमोर, ते धडधडीत खोटं बोलले. आणि तेही अशा प्रश्नाला, ज्याचं खरं उत्तर दिलं असतं तर कोणाच्या बापाचं काही जात नव्हतं.

प्रश्न होता, "ही उचकी कोणाची?"

विचारणाऱ्या होत्या कंपनीच्या वकीलबाई आणि विषय होता पोस्टमनचा. आता हा पोस्टमन कोण हे सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं सगळं वेड्यांच्या बाजारासारखं वाटेल. पूर्वी, फोन अजून भिंतीला चिकटून होते त्या काळात, या कंपनीने 'उडाणटप्पू पोस्टमन' नावाचा एक व्हिडिओ गेम काढला होता. एक ढेरपोट्या पोस्टमन खांद्याला पिशवी अडकवून पडद्याच्या डावीकडून उजवीकडे धावत सुटायचा आणि वाटेतली गटारं, खड्डे, कुत्री, वाळत घातलेल्या चादरी यांच्यावरून उड्या मारत पत्रं पोचवायचा. बस, एवढंच. पण त्याने उडी मारली की 'हिक्' असा एक आवाज यायचा, आणि त्या आवाजाने त्या वेळच्या पोरांना वेड लावलं होतं. शाळेत, जिन्यात, पाहुण्यांसमोर, जिथे तिथे पोरं उड्या मारायची आणि 'हिक्' करायची. गेमचा दुसरा भाग निघाला, तिसरा निघाला. मग जमाना बदलला आणि कंपनी लिफ्टची सॉफ्टवेअरं बनवायला लागली.

पोस्टमनच्या तिन्ही भागांतला एकूण एक खड्डा उडीमास्तरांनी स्वतः मोजूनमापून खणलेला होता. खड्डा इतकाच रुंद हवा की खेळणारा पडता पडता वाचला पाहिजे आणि वाचल्यावर त्याला वाटलं पाहिजे की आपण फार हुशार आहोत, हे त्यांचं शास्त्र होतं. अशा माणसाला कंपनीने लिफ्ट कोणत्या मजल्यावर किती वेळ थांबावी हे ठरवायला बसवलं. मास्तरांनी ते केलं, पगार घेतला, केस पिकवले. पण आतून त्यांचा जीव गुदमरत होता. लिफ्टमध्ये उडी मारायला कोणी लावत नाही.

आणि आता अचानक पोस्टमनला पुन्हा जिवंत करायचं ठरलं होतं. हातात धरून खेळायचा नवा कन्सोल बाजारात येत होता आणि त्या कन्सोलवाल्यांना जुने, लोकांच्या आठवणीतले खेळ हवे होते. मास्तरांनी चार महिने मान मोडून काम केलं. पोस्टमन नव्या पडद्यावर असा काही धावायला लागला की त्याची ढेरी हलताना दिसे. कुत्री देखणी झाली. चादरींना फुलं आली. अडलं ते फक्त उचकीपाशी. जुना आवाज नव्या यंत्रावर लावला की डब्यात बेडूक कोंडल्यासारखा वाटे. दुसरे आवाज लावून पाहिले, तर खेळून बघायला बोलावलेली जुनी पोरं, जी आता टकलू झाली होती, ती म्हणाली, हा आमचा पोस्टमन नाही. कन्सोलवाल्यांनी सांगितलं की महिनाअखेरपर्यंत तीच उचकी नव्याने रेकॉर्ड करून द्या, आणि जिची असेल त्या व्यक्तीची लेखी संमतीही द्या. नाहीतर राम राम.

"नाही जमलं तर काही बिघडत नाही," मालक समजूतदारपणे म्हणाले, "लिफ्ट आहेच आपली."

हे ऐकून मास्तरांना डोळ्यांसमोर पुन्हा लिफ्ट दिसायला लागली, आणि नेमक्या त्याच वेळी वकीलबाईंनी तो प्रश्न विचारला. मास्तर म्हणाले, "माझी."

वकीलबाईंनी त्यांच्या कानांकडे पाहिलं. मालकांनी पाहिलं नाही. ते म्हणाले, "मग प्रश्नच मिटला. सोमवारी स्टुडिओत जा आणि उचकून या."

खरी गोष्ट अशी की उचकी मास्तरांच्या बायकोची होती. लग्न नवं होतं आणि घर म्हणजे एक खोली. तिच्या मधोमध कपाट आडवं उभं करून त्यांनी दोन खोल्या झाल्याचं एकमेकांना पटवून दिलं होतं. एका बाजूला संसार, दुसऱ्या बाजूला कॉम्प्युटर. उडीला साजेसा आवाज मिळावा म्हणून मास्तर जंग जंग पछाडत होते. टेबलाच्या कडेला पट्टी वाजवून झाली, फुग्यातली हवा सोडून झाली, पायजम्याचं इलॅस्टिक ताणून सोडून झालं आणि ते तुटूनही झालं. आणि एका दुपारी कपाटाआडून अगदी नाजूक, अगदी गोड असं 'हिक्' ऐकू आलं. मग पुन्हा एकदा. माईक चालूच होता. पलीकडे बायको कपड्यांच्या घड्या घालत होती, आणि मास्तरांना त्या क्षणी तिच्यावर इतकं प्रेम दाटून आलं की त्यांनी तो आवाज लगेच दोन ठिकाणी जपून ठेवला.

तिला सांगितलं मात्र नाही. नव्या नवरीला 'मी तुझी उचकी चोरली' असं सांगायचं कसं? आणि ती नवी राहिली नाही तेव्हा प्रश्न वेगळा झाला, की इतकी वर्षं का नाही सांगितलंत? संसारात काही गोष्टी अशाच राहून जातात आणि मग त्यांच्यावर धूळ बसते. पण ऑफिसात लिफ्टचा कंटाळा असह्य झाला की मास्तर हळूच हेडफोन लावत, ती उचकी एकदा ऐकत आणि पुन्हा कामाला लागत. एवढी एकच चैन त्यांनी केली.

आता मात्र सोमवारपर्यंत स्वतःला उचकी लागायला हवी होती. उचकी ही किती आडमुठी वस्तू आहे हे त्यांना तेव्हा कळलं. नको तेव्हा भर सभेत येते, बोलावली तर पत्ता नाही. मास्तरांनी घाईघाईने जेवून पाहिलं. कोरडा पाव बोकाणे भरभरून खाऊन पाहिला. सोडा एका दमात पिऊन पाहिला. त्याने वेगळेच आवाज आले.

"तुम्हाला बरं वाटत नाहीये का?" बायकोने विचारलं.

"मला उचकी लागायला हवी आहे," मास्तर म्हणाले.

बायकोने हात त्यांच्या कपाळावर ठेवून पाहिला. ताप नव्हता, त्यामुळे ती जास्तच काळजीत पडली.

बातमी जिन्यातून वर गेली आणि खालीही गेली. अडचण अशी झाली की ज्याला त्याला उचकी थांबवायचे उपाय तोंडपाठ होते. समोरच्या मावशींनी चमचाभर साखर आणून दिली. खालच्या दंतवैद्यांनी जीभ बाहेर ओढून धरायला सांगितलं, आणि मास्तर नको नको म्हणत असताना स्वतःच ओढली. उचकी लागलेलीच नाही, लावायची आहे, हे कोणाच्या डोक्यात शिरेना. शेवटी वरच्या मजल्यावरचे निवृत्त प्राचार्य उतरून आले. त्यांनी खुर्चीत बसून प्रश्न नीट समजावून घेतला आणि म्हणाले, "सोपं आहे. जे थांबवण्यासाठी करतात त्याच्या बरोब्बर उलट करा. श्वास रोखतात ना? तुम्ही भराभर घ्या. पाणी पितात ना? पिऊ नका. आणि माणसाला दचकवतात, घाबरवतात. तुम्ही चोवीस तास पूर्ण निर्भय राहा."

पहिल्या दोन गोष्टी जमण्यासारख्या होत्या. तिसरी अशक्य होती, कारण गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सासूबाई मुक्कामाला आल्या होत्या.

सासूबाई मोठ्या ग्रंथालयात ग्रंथपाल होत्या. आयुष्यभर त्यांनी माणसांना नुसत्या भुवईने गप्प केलं होतं. त्यांना मोठ्याने बोलताना कोणी ऐकलं नव्हतं, आणि हसताना तर नाहीच. जावयाला त्या 'जावईबापू' म्हणत, पण त्यातला बापू असा काही म्हणत की मास्तर उभे असले तर बसत आणि बसलेले असले तर उभे राहत. जावई गेम बनवतो यावर त्यांचं मत त्यांनी लग्नात एकदाच सांगितलं होतं, "असू दे." आता त्या खिडकीशी बसून शब्दकोडं सोडवत होत्या आणि भराभर श्वास घेत घरभर फिरणाऱ्या जावयाकडे चष्म्यावरून बघत होत्या.

सोमवारी मास्तर स्टुडिओत गेले तेव्हा त्यांना उचकी लागलेली नव्हती. त्यांनी नक्कल करायचं ठरवलं. माईकसमोर उभे राहून त्यांनी एकदा घसा साफ केला आणि 'हिक्' केलं. काचेपलीकडे रेकॉर्डिस्टने हेडफोन काढून दरवाजाकडे पाहिलं. त्याला वाटलं कोणीतरी आत येतंय. पुढचा सबंध तास मास्तरांनी नाना तऱ्हांनी उचकून दाखवलं. रेकॉर्डिस्ट सभ्य माणूस होता. तो दर वेळी म्हणे, "छान. अजून एक घेऊ."

आणि मग, सोडा, पाव आणि अपमान या तिन्हींचा पोटात काय संयोग झाला कोण जाणे, मास्तरांना खरी उचकी लागली. आनंदाने त्यांचे डोळे भरून आले. पण आवाज? खोल विहिरीत बादली आपटावी तसा. आणि ती थांबेचना. स्टुडिओतून ऑफिसात येईपर्यंत थांबली नाही, बैठकीच्या खोलीत शिरतानाही थांबली नाही.

मालकांनी रेकॉर्डिंग ऐकलं. त्यांचा चेहरा पडला. "ही ती नाही," ते म्हणाले.

"वय झालं, हिक्, आवाज बदलतो," मास्तर म्हणाले.

"मास्तर," वकीलबाई शांतपणे म्हणाल्या, "तुमचे कान भाजलेत. उद्या कन्सोलवाल्यांच्या वकिलाने विचारलं तर मी काय सांगू? उचकी कोणाची आहे?"

मास्तरांनी थोडा वेळ मिठाची गुळणी धरली, पण उचकी लागलेल्या माणसाला तेही धड जमत नाही. "बायकोची," ते म्हणाले, आणि त्याच क्षणी त्यांची उचकी थांबली.

"मग वहिनींना आणा की," मालक म्हणाले. "शुक्रवारपर्यंत. त्यानंतर मी काही करू शकत नाही."

त्या संध्याकाळी मास्तरांनी बायकोला समोर बसवून सगळं सांगितलं. कपाट, दुपार, घड्या, माईक. ऑफिसात हेडफोन लावून ऐकण्याचंही सांगितलं, ते सांगायचं ठरलं नव्हतं. बायको रागावली नाही. तिचा चेहरा हळूहळू असा काही खुलत गेला की मास्तरांना वाटलं, आपण गाढव आहोत, हे पहिल्याच वर्षी सांगायला हवं होतं.

"माझा आवाज?" ती म्हणाली. "म्हणजे ती सगळी पोरं उड्या मारत हिक् हिक् करायची, ती माझी नक्कल करायची?"

"तुझीच."

"काहीतरीच तुमचं," बायको म्हणाली, आणि उठून आरशात बघून केस नीट करून आली. मग तिने हेडफोन लावले. मास्तरांनी बटण दाबलं. तिने डोळे मिटून ऐकलं. मग डोळे उघडले आणि पुन्हा लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा ऐकून झाल्यावर तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

"ही मी नाही," ती म्हणाली.

"अगं तूच. तेव्हा आवाज कोवळा होता तुझा."

"मला माझी उचकी कळत नाही होय? माझी एकदा सुरू झाली की दम खात नाही. ही बघा, एकच येतेय. दाबलेली. तोंडावर पदर धरल्यासारखी." ती थांबली. दोघांच्याही माना सावकाश आतल्या खोलीकडे वळल्या. "अहो," ती म्हणाली, "त्या वर्षी आई आली नव्हती का आठवडाभर?"

आली होती. मास्तरांना आठवलं. त्या आठवड्याची आठवण त्यांनी मोठ्या कष्टाने पुसून टाकलेली होती, ती एकदम लख्ख झाली. कपाटापलीकडे घड्या घालायला दोघीजणी बसायच्या. म्हणजे इतकी वर्षं, लिफ्टचा कंटाळा आला की, ते हेडफोन लावून डोळे मिटून जी ऐकत होते ती सासूबाईंची उचकी होती. मास्तर खुर्चीत बसून राहिले. त्यांना कोणीही फसवलं नव्हतं आणि तरी पुरते फसले होते. बायको मात्र आता रागावली. बोलावून मान दिला आणि ताटावरून उठवलं, असं तिला वाटलं, आणि ते तिने तसंच बोलूनही दाखवलं.

सासूबाईंना विचारायला मास्तरांनी दुसरा दिवस उजाडू दिला. सासूबाईंनी हेडफोन लावून एकदाच ऐकलं.

"माझीच," त्या म्हणाल्या.

"आई, तुम्हाला खात्री आहे?"

"जावईबापू, ग्रंथालयात हसता येत नाही. खुर्चीत बसून गिळावं लागतं. मी इतकी वर्षं गिळलं आहे. गिळलं की ते असं बाहेर येतं." त्यांनी शब्दकोड्यात एक शब्द भरला. "त्या दुपारी तुम्ही कपाटामागे स्टुलावर चढून खाली उड्या मारत होतात. बनियन आणि तो इलॅस्टिक तुटलेला पायजमा. एका हातात पायजमा धरलेला. समोरच्या भिंतीवरच्या आरशात सगळं दिसत होतं. नवा जावई, मोठ्याने हसले असते तर बरं दिसलं नसतं."

पोस्टमनची उडी नेमकी कशी दिसावी हे पाहायला मास्तर तेव्हा स्वतः उड्या मारून बघत असत. आपण दोन चार उड्या मारल्या आणि पाठोपाठ 'हिक्' आलं, म्हणून तर तो आवाज उडीला इतका चपखल बसला होता. सासूबाई आपल्याला हसल्या होत्या आणि ते हसणं देशभर वाजलं होतं. मास्तरांचे कान या वेळी खरं ऐकूनही लाल झाले.

"सही मी देते," सासूबाई म्हणाल्या. "पण उचकी सांगून येणार नाही. हसू आल्याशिवाय ते गिळणार कसं? आणि खरं सांगू का, तुमच्याकडे बघून आता हसू येत नाही. तेव्हा तुम्ही उड्या मारायचात. हल्ली घरी येता, जेवता आणि छताकडे बघत बसता. बघवत नाही."

एवढं एकदम त्या मास्तरांशी कधी बोलल्या नव्हत्या. त्यांना वाईट वाटलं, आणि आश्चर्य म्हणजे, बरंही वाटलं.

शुक्रवारी सगळी वरात स्टुडिओत गेली. सासूबाईंना मऊ खुर्ची दिली, गुडघ्याखाली उशी दिली, समोर माईक लावला. दारावर लाल दिवा पेटला आणि त्यावर 'शांतता राखा' असं उमटलं. ते वाचून सासूबाईंनी समाधानाने पाठ टेकली. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट, मालक, वकीलबाई आणि बायको रांगेत उभे. आणि सासूबाईंच्या समोर जमिनीवर गाद्या अंथरून एक उंच स्टूल. त्यावर मास्तर. वय पन्नाशीला टेकलेलं, ऑफिसचा शर्ट, इस्त्रीची पँट, पायात मोजे. आवाज नको म्हणून बूट काढायला लावले होते.

पहिली उडी त्यांनी जपून मारली. सासूबाईंनी घड्याळ बघितलं. दुसरी थोडी उंच मारली. सासूबाईंनी भुवई उचलली, आणि मास्तर सवयीने गप्प उभे राहिले. काचेपलीकडून मालकांनी बोटाने लिफ्ट वर जाते तशी खूण केली. त्यांना बहुधा 'अजून उंच' म्हणायचं होतं.

मास्तरांनी स्टुलावर चढून डोळे मिटले. कॉलर सैल केली. खांद्याला नसलेली पिशवी नीट केली, ढेरी पुढे काढली, जी काढायला आता फारसे कष्ट पडत नव्हते, आणि समोर गटार आहे, गटारापलीकडे कुत्रं आहे, असं मनाशी धरून त्यांनी जीव खाऊन उडी मारली. हवेत असतानाच पँट मागून फाटली. तो आवाज माईकने स्पष्ट टिपला. सासूबाईंचे ओठ घट्ट मिटले, खांदे हलले, मान खाली गेली.

'हिक्.'

रेकॉर्डिस्ट जागच्या जागी नाचला. अजून, अजून, अशी त्याने हाताने खूण केली. मास्तर एका हाताने पँट धरून पुन्हा चढले. उडी, 'हिक्'. उडी, 'हिक्'. काचेपलीकडे मालक भिंतीला टेकले होते, वकीलबाई चष्मा काढून डोळे पुसत होत्या, आणि बायको, जी सोमवारपासून बोलत नव्हती, ती पोट धरून खाली बसली होती. काचेमुळे त्यांचा आवाज आत येत नव्हता. मास्तरांची अब्रू संपूर्ण शांततेत गेली. पण त्यांना तिची फिकीर नव्हती. खूप दिवसांनी ते उड्या मारत होते. शेवटच्या उडीच्या वेळी स्टूल कलंडलं आणि ते गादी सोडून थेट फरशीवर, "आई गं, मेलो" असं ओरडत पडले.

रेकॉर्डिस्टने तेही घेतलं. पोस्टमन खड्ड्यात पडतो तेव्हाचा आवाज अजून ठरला नव्हता, मालक म्हणाले, हाच लावा. या वेळी मास्तरांची लेखी संमती घ्यायची वेळ आली, आणि ते कंबर धरून ती देत असताना वकीलबाईंनी मुद्दाम विचारलं, "हा आवाज नक्की तुमचाच ना?"

महिनाअखेरीस सगळं वेळेत गेलं. 'उडाणटप्पू पोस्टमन' पुन्हा बाजारात आला, टकलू पोरांनी तो आपल्या पोरांच्या हातातून हिसकावून घेतला, आणि मालकांनी मास्तरांना लिफ्टमधून कायमचं बाहेर काढून चौथ्या भागाच्या कामाला लावलं. कंपनीने एक कन्सोल सासूबाईंना भेट पाठवला. मास्तरांनी त्यांना बटणं समजावून दिली. डावीकडच्याने चालायचं, उजवीकडच्याने उडी.

रविवारी सकाळी मास्तर दाढी करत होते. बाहेर सासूबाई खिडकीशी कन्सोल घेऊन बसल्या होत्या. तिथून मास्तरांना स्वतःचाच आवाज ऐकू आला, "आई गं, मेलो." थोड्या वेळाने पुन्हा, "आई गं, मेलो." मग पुन्हा. उडीचा 'हिक्' मात्र एकदाही वाजला नाही. खड्डे आपण जरा जास्तच रुंद केले की काय, या काळजीने मास्तर फेस लावलेल्या चेहऱ्यानेच बाहेर आले.

"आई, खड्डा आला की उजवीकडचं बटण दाबायचं," ते म्हणाले. "म्हणजे तो उडी मारतो."

"माहीत आहे मला," सासूबाई म्हणाल्या, आणि ओठ घट्ट मिटून त्यांनी पोस्टमनला पुन्हा सरळ खड्ड्यात चालवत नेलं.